जाळून घेण्याच्या घटना : सार्वजनिक आरोग्य आणि आत्महत्या प्रतिबंधाच्या दृष्टीने एक विवेचन
(वणी परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

जाळून घेण्याच्या घटनांकडे आपल्या समाजात प्रामुख्याने पोलीस तपासाचा विषय म्हणून पाहिले जाते. घटना अपघाताची, आत्महत्येची की हत्येची, एवढे निश्चित झाले की प्रकरणावर पडदा पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने केली आहे. जळिताच्या घटनांची व्याप्ती, त्यांच्या नोंदीतील त्रुटी, कारणे, साधनांची उपलब्धता, कायद्यातील बदल आणि प्रतिबंधाच्या शक्यता यांचा क्रमाने विचार करून, ग्रामीण भागातील आरोग्यसेवा व महाविद्यालये यांना या बाबतीत काय करता येण्याजोगे आहे याची चर्चा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : जळीत, आत्महत्या प्रतिबंध, मृत्युपूर्व जबाब, कौटुंबिक हिंसाचार, ग्रामीण आरोग्यसेवा.

प्रस्तावना

सप्तशृंगी गडाच्या परिसरात वसलेले वणी हे नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. एका बाजूला द्राक्षबागांचा व कांद्याचा संपन्न पट्टा आणि दुसऱ्या बाजूला कळवण, सुरगाणा, पेठ या आदिवासीबहुल तालुक्यांचा डोंगराळ प्रदेश अशा सीमेवर हे गाव आहे. आसपासच्या वाड्या-पाड्यांवर कोणी गंभीर भाजले तर प्रथमोपचारासाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा वणीचे ग्रामीण रुग्णालय, आणि पुढील उपचारांसाठी सुमारे ४५ किलोमीटरवरील नाशिक, असा रुग्णाचा प्रवास साधारणपणे होतो.

या प्रवासात भाजलेल्या स्त्रीला अनेक माणसे भेटतात. गाडीचा चालक, परिचारिका, वैद्यकीय अधिकारी, पोलीस हवालदार, क्वचित नायब तहसीलदार. प्रत्येक जण तिला एकच प्रश्न विचारतो : "कसे झाले?" बहुतेक वेळा उत्तरही ठरलेले असते. "स्टोव्हचा भडका उडाला", "चुलीजवळ पदराने पेट घेतला". हे उत्तर कागदावर उतरते आणि त्यावरून प्रकरणाची वर्गवारी ठरते. मात्र हे पूर्वी कोठे थांबवता आले असते, हा प्रश्न त्या संपूर्ण वाटेवर कोणीही विचारत नाही. कारण तो विचारणे हे कोणाचेच काम ठरलेले नाही. हा दुसरा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्नाचे स्वरूप व व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार लोक भाजल्यामुळे मरण पावतात आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. भारतातील परिस्थितीवर सर्वाधिक प्रकाश टाकणारा अभ्यास प्राची संघवी, कवी भल्ला व वीणा दास यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या अनुमानानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे १ लाख ६३ हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख ६ हजार मृत्यू स्त्रियांचे होते आणि त्या प्रामुख्याने १५ ते ३४ या वयोगटातील होत्या. तरुण वयात स्त्री-पुरुष मृत्यूंचे प्रमाण सरासरी ३:१ इतके आढळले.

या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. अभ्यासकांनी काढलेली मृत्यूंची संख्या पोलिसांच्या नोंदीतील संख्येच्या सहापट होती. म्हणजेच दर सहा मृत्यूंमागे पाच मृत्यू पोलिसांच्या आकडेवारीत दिसतच नव्हते.

स्वयंपाकघरातील अपघात हेच या मृत्यूंचे एकमेव कारण असते, तर आयुष्यभर चुलीपुढे बसणाऱ्या सर्वच वयांच्या स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण सारखे दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ते विवाहानंतरच्या पहिल्या दशकात मोडणाऱ्या वयात एकवटलेले दिसते. अपघात नाकारण्याचे कारण नाही. सैल पदर, जमिनीवरची चूल, अरुंद खोली, निकृष्ट स्टोव्ह ही सारी अपघाताची खरी कारणे आहेत. परंतु वय आणि लिंग यांची ही विषम विभागणी केवळ अपघाताने स्पष्ट होत नाही.

नोंदीचा प्रश्न : अपघात, आत्महत्या की हत्या?

जळिताची घटना अखेर तीनपैकी एका रकान्यात नोंदवली जाते. वरकरणी हे वर्गीकरण वैद्यकीय वाटते; प्रत्यक्षात ते बहुतांशी सामाजिक असते. शरीरावरील जखमांवरून त्वचा किती टक्के व किती खोलवर भाजली हे डॉक्टरांना सांगता येते. परंतु आग कोणत्या हेतूने लागली हे केवळ जखमांवरून ठरवणे बहुधा कठीण असते. त्यामुळे रुग्णाचे कथन, नातेवाइकांचे म्हणणे आणि पंचनामा यांवरच वर्गीकरण अवलंबून राहते.

गंभीर भाजलेली व्यक्ती सुरुवातीच्या काही तासांत पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असते व बोलू शकते. शरीरातील द्रव कमी होणे, जंतुसंसर्ग, अवयव निकामी होणे ही गुंतागुंत पुढील तासांत व दिवसांत वाढत जाते. म्हणजे ज्या काळात ती बोलू शकते, त्याच काळात तिच्याभोवती सासरची माणसे असतात, उपचारांचा खर्च तेच करीत असतात आणि तिची मुले त्यांच्याच घरी असतात. आपण वाचलो तर याच घरी परत जायचे आहे आणि न वाचलो तर मुले यांच्याच हाती राहणार आहेत, या दुहेरी विचारातून "भडका उडाला" हे उत्तर येऊ शकते. उलटपक्षी माहेरची माणसे पोहोचल्यावर कथन बदलले तर न्यायालयात त्या विसंगतीचा लाभ आरोपीला मिळू शकतो. दोन्ही परिस्थितींत स्त्रीच्या वास्तव अनुभवाची नोंद होत नाही.

आत्महत्या व हत्या यांतील सीमारेषाही वाटते तेवढी स्पष्ट नसते. वर्षानुवर्षांच्या छळानंतर एखाद्या स्त्रीने स्वतःला पेटवून घेतले, तर कृती तिची असते. परंतु त्या कृतीपर्यंत नेणारी परिस्थिती इतरांनी निर्माण केलेली असते. महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीने हा मुद्दा फार पूर्वी मांडला. १९८२ मध्ये पुण्यातील एका विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूनंतर नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवले. ती घटना जळिताची नव्हती. परंतु विवाहितेचा मृत्यू ही त्या कुटुंबाची खाजगी बाब नव्हे, हे या प्रयत्नाने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवले.

मृत्युपूर्व जबाब आणि त्याची मर्यादा

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३२ नुसार मरण पावलेल्या व्यक्तीचे आपल्या मृत्यूच्या कारणाविषयीचे कथन पुराव्यात ग्राह्य मानले जात असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये ही तरतूद कायम आहे. 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ मध्ये असा निर्णय दिला की, जबाब देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या सक्षम होती याची जबाब नोंदवणाऱ्याची खात्री पटली असेल, तर केवळ डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही या कारणास्तव जबाब फेटाळता येत नाही.

न्यायदानाच्या दृष्टीने या तरतुदीचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तिचा हेतू मर्यादित आहे. दोषी कोण, हे ठरवण्यासाठी हा जबाब घेतला जातो. त्या स्त्रीने यापूर्वी कोणाकडे मदत मागितली होती, ती कधी रुग्णालयात आली होती, तिच्या अंगावर पूर्वीच्या मारहाणीच्या खुणा कोणी पाहिल्या होत्या, या बाबींना जबाबात स्थान असेलच असे नाही. शिवाय जी स्त्री वाचते तिच्या जबाबाची निकड संपते आणि तिच्याशी चाललेला यंत्रणेचा संवादही तेथेच थांबतो. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र वाचलेली स्त्री सर्वांत महत्त्वाची आहे. तिचा धोका संपलेला नसतो. आणि ते टाळण्यासाठी काय हवे होते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कारणमीमांसा

वृत्तपत्रांत या घटनांची बातमी सहसा दोन-चार ओळींची असते व त्यात "क्षुल्लक कारणावरून", "रागाच्या भरात", "कौटुंबिक वादातून" असे शब्दप्रयोग आढळतात. त्यांतून दोन गैरसमज दृढ होतात : कारण किरकोळ होते आणि स्त्री उतावळी होती.

वस्तुतः तात्कालिक कारण आणि मूळ कारण यांत भेद करणे आवश्यक आहे. तात्कालिक कारण भाजीतील मिठाचे असू शकते. मूळ कारणे मात्र वेगळी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक-चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले, तर २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला होता. लहान वयातील विवाह, लागोपाठची बाळंतपणे, पतीचे व्यसन, हुंड्याची वा पैशांची मागणी, स्वतःच्या कमाईवरही नसलेला अधिकार आणि "आता तेच तुझे घर" असे सांगून बंद झालेले माहेरचे दार, या सर्वांचा भार साचत जातो. त्याला उपचार न झालेल्या नैराश्याची जोड मिळाली की धोका अनेक पटींनी वाढतो.

त्याचबरोबर आत्महत्येच्या विचाराची तीव्रता अनेकदा अल्पकाळ टिकते, ही बाब प्रतिबंधाच्या दृष्टीने आशादायक आहे. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरण पावत नाहीत, असे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून तो कठीण काळ निभावून नेणारे माणूस जवळ असणे आणि घातक साधन दूर असणे, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

भाषेचाही येथे विचार करावा लागतो. आंदोलक जिल्हाधिकारी कार्यालयासमोर पेटवून घेण्याचा इशारा देतो तेव्हा त्यास 'आत्मदहन' म्हटले जाते. घरातील स्त्रीच्या बाबतीत मात्र 'जाळून घेतले' असे म्हटले जाते. पहिल्या शब्दाला त्यागाचे वलय आहे, तर दुसऱ्यात दोषारोप आहे. स्वातंत्र्यदिन वा प्रजासत्ताकदिन जवळ आला की आत्मदहनाच्या इशाऱ्यांच्या बातम्या येतात व त्या नित्याच्या मानल्या जातात. दोन्ही शब्दांमुळे मूळ वेदनेकडे दुर्लक्ष होते. वलयामुळे अनुकरणाचा धोका वाढतो, तर दोषारोपामुळे वाचलेली व्यक्ती बोलती होत नाही. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या वृत्तांकनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. बातमी ठळकपणे वा पुनःपुन्हा न देणे आणि पद्धतीचे वर्णन टाळणे यांवर त्यांत भर आहे.

साधनाची उपलब्धता

घातक साधन सहज हाताशी नसेल तर आत्महत्यांचे प्रमाण घटते, हा आत्महत्या प्रतिबंधातील सर्वाधिक पुराव्यांनी सिद्ध झालेल्या सिद्धांतांपैकी एक आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला.

आपल्याकडे रॉकेलच्या बाबतीत असाच बदल, हेतुपुरस्सर नसला तरी, घडून आला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडण्या वाढल्या, घरोघरी वीज पोहोचली आणि रेशनवरील रॉकेलचा वापर झपाट्याने घटला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१४ मध्ये देशातील १ लाख ३१ हजार ६६६ आत्महत्यांपैकी ६.९ टक्के जाळून घेतल्यामुळे झाल्या होत्या. २०१९ मध्ये १ लाख ३९ हजार १२३ पैकी ३.८ टक्के. म्हणजे नोंदलेली संख्या सुमारे नऊ हजारांवरून सव्वापाच हजारांच्या आसपास आली. पोलिसांच्या नोंदींची अपूर्णता लक्षात घेऊनही ही घट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

परंतु याच काळात एकूण आत्महत्या कमी झाल्या नाहीत. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली व त्यांपैकी २२ हजार ७४६ म्हणजे सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या. स्वयंपाकघरातून रॉकेल गेले. परंतु ज्या परिस्थितीमुळे स्त्री त्या टोकाला पोहोचत होती ती परिस्थिती गेली नाही. जळीत कक्षातील खाटा रिकाम्या होऊ लागल्या म्हणून प्रश्न सुटला, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. दिंडोरी–वणी परिसरासारख्या द्राक्षशेतीच्या भागात फवारणीची औषधे घरोघरी असतात. ती कुलूपबंद ठेवणे आणि अतिविषारी औषधांची विक्री रोखणे हे याच प्रतिबंधाचे पुढचे अंग आहे.

कायद्यातील बदल

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. या भीतीपोटीही अनेक रुग्ण व नातेवाईक घटनेस अपघात म्हणत असत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली आणि तिला उपचार, काळजी व पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य शासनावर सोपवले. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी वा त्यासाठी भाग पाडण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र कलम २२६ खाली गुन्हा आहे. पती वा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता (कलम ८५), हुंडाबळी (कलम ८०) व आत्महत्येस प्रवृत्त करणे (कलम १०८) हे गुन्हे नव्या संहितेतही कायम आहेत.

थोडक्यात, घरी झालेल्या प्रयत्नानंतर खरे सांगितल्यास आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, ही भीती आज निराधार आहे. परंतु ही माहिती रुग्णालयाच्या दारापर्यंत व वाड्या-पाड्यांपर्यंत कितपत पोहोचली आहे, यावर तिचा उपयोग अवलंबून आहे.

प्रतिबंधाच्या जागा

प्रारंभी वर्णिलेल्या वाटेवर प्रतिबंधाच्या किमान तीन जागा दिसतात.

१) गाव : घटनेच्या कितीतरी आधी आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, बचत गटातील सहकारी यांना त्या घरातील तणाव ठाऊक असतो. त्यांना ऐकून घेण्याचे व योग्य ठिकाणी पाठवण्याचे प्रशिक्षण देता येते. याचा अनुभव नाशिक जिल्ह्यातच घेतला गेला आहे. पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम प्रथम २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत राबवला. गावातीलच स्वयंसेवकांना ताणतणाव ओळखणे, धीर देणे, शासकीय योजनांशी जोडून देणे आणि गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठवणे यांचे प्रशिक्षण देण्यात आले. पुढे हा उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेण्यात आला.

२) ग्रामीण रुग्णालय : मारहाणीच्या जखमा, वारंवार होणारी डोकेदुखी, निद्रानाश, किरकोळ भाजणे अशा तक्रारी घेऊन स्त्री बाह्यरुग्ण विभागात आधीच येऊन गेलेली असू शकते. मुंबई महानगरपालिका व 'सेहत' ही संस्था यांनी वांद्रे येथील भाभा रुग्णालयात सुरू केलेले 'दिलासा' केंद्र हे या दृष्टीने अनुकरणीय उदाहरण आहे. रुग्णालय हेच हिंसाचारग्रस्त स्त्रीस समुपदेशन व आधार मिळण्याचे ठिकाण असावे, ही त्यामागील भूमिका आहे. दवाखान्यात जाण्यासाठी स्त्रीला घरच्यांना वेगळे कारण सांगावे लागत नाही, हे तिचे बलस्थान. ग्रामीण रुग्णालयात किमान एक प्रशिक्षित परिचारिका व नातेवाइकांपासून अलग अशी बोलण्याची जागा, एवढी सुरुवातही पुरेशी आहे.

३) उपचारानंतरचा काळ : जळितातून वाचलेल्या स्त्रीच्या जखमा भरल्या तरी आखडलेले सांधे, विद्रूपता, वेदना आणि पुन्हा त्याच घरी परतणे हे प्रश्न उरतात. घरी पाठवण्यापूर्वी मानसिक तपासणी, ठरावीक काळाने भेट व संपर्क, कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खालील संरक्षण अधिकारी आणि वन स्टॉप सेंटर यांच्याशी जोडणी ही उपचारांचाच भाग मानली पाहिजे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' (१४४१६) ही निःशुल्क मानसिक आरोग्य मदतवाहिनी यांची माहिती प्रत्येक कार्यकर्तीजवळ असणे आवश्यक आहे.

प्रथमोपचारांचे अज्ञान हीदेखील प्रतिबंधातील मोठी उणीव आहे. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे वाहते, साधे गार पाणी सोडावे. अंगठ्या, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. स्वच्छ कापडाने झाकून तत्काळ रुग्णालय गाठावे. शाई, हळद, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

महाविद्यालयांची भूमिका

वणी–नाशिक मार्गावरच म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तथापि हा विषय केवळ वैद्यकीय विद्याशाखेवर सोपवून चालणार नाही. ग्रामीण महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनी विवाहित असतात किंवा शिक्षण अर्धवट सोडून विवाहबद्ध होतात. हजेरीपटावरून नाव कमी होते तेव्हा ती कोठे गेली याची चौकशी करणे ही प्रतिबंधाची पहिली कृती ठरू शकते. समाजशास्त्र व मानसशास्त्र विभागांना परिसरातील मदतयंत्रणेची सूची तयार करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत प्रथमोपचार व मदतवाहिन्यांची माहिती देता येईल. मराठी विभागाला आत्महत्येच्या वृत्तांकनाची भाषा हा अभ्यासविषय घेता येईल. एखादी विद्यार्थिनी "जगावेसे वाटत नाही" असे म्हणाली तर तिला उपदेश न करता शांतपणे ऐकून घेणे, तसा विचार मनात येतो का हे स्पष्टपणे विचारणे आणि तिला एकटे न सोडता समुपदेशकापर्यंत पोहोचवणे, एवढे प्रत्येक अध्यापकास अवगत असावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज चुकीचा आहे.

समारोप

जाळून घेण्याची घटना ही एका क्षणाची वाटली तरी तिच्यामागे दीर्घ काळ असतो आणि त्या काळात अनेकांची त्या व्यक्तीशी गाठ पडलेली असते. अपघात, आत्महत्या व हत्या हे तीन रकाने न्यायासाठी आवश्यक आहेत. मात्र प्रतिबंधासाठी ते पुरेसे नाहीत. त्यांच्या जोडीला पूर्वइतिहास, मागितलेली मदत आणि न मिळालेली मदत यांची गोपनीय नोंद ठेवणारी व्यवस्था रुग्णालय पातळीवर निर्माण व्हायला हवी. रॉकेलच्या घटत्या वापराने एक मार्ग अरुंद झाला आहे. त्या मार्गापर्यंत स्त्रीला नेणारी परिस्थिती बदलणे हे काम अद्याप शिल्लक आहे. भाजलेल्या स्त्रीला "कसे झाले?" असे विचारण्यापूर्वी, ती न भाजलेली असताना "कशी आहेस?" असे विचारणारे कोणी तिच्या वाटेवर असणे, हाच आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत अर्थ होय.